प्रोबेशनचा काळ कसा हाताळावा: नियुक्तिपत्रापासून कायम होण्याच्या पत्रापर्यंत

नियुक्तिपत्र हातात आले की पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख या तीन गोष्टी आपण आधी शोधतो, आणि प्रोबेशनचे कलम ‘हे सगळीकडे असतेच’ असे म्हणून मागे टाकतो. प्रत्यक्षात पुढचे काही महिने तुमची नोकरी किती सुरक्षित आहे, ती सोडायची झाल्यास किती दिवस आधी कळवावे लागेल, कोणत्या रजा मिळतील आणि कोणत्या सवलती अजून लागू झालेल्या नाहीत, हे सारे त्याच कलमावर ठरते. मी या काळातून गेलो आहे आणि पुढे नव्या सहकाऱ्यांच्या आढावा बैठकांतही बसलो आहे. कामात कुठेही कमी न पडलेली माणसेसुद्धा प्रोबेशनमध्ये अडकलेली मी पाहिली आहेत. त्यांच्याकडून काय अपेक्षित आहे, निर्णय कोण घेणार आणि तो केव्हा घेणार, हे कोणीच कागदावर आणलेले नव्हते. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत कोणती गोष्ट लेखी करून घ्यायची, यावर माझा भर आहे.

प्रोबेशन म्हणजे मालकाला तुमचे काम पाहता यावे आणि तुम्हालाही ती जागा जोखता यावी, यासाठी आधी ठरवलेला मर्यादित काळ. या काळात दोन्ही बाजूंना करार संपवणे तुलनेने सोपे असते. प्रशिक्षणार्थी, शिकाऊ उमेदवार किंवा ठरावीक मुदतीच्या कंत्राटावरचा कर्मचारी यांची स्थिती मात्र वेगळी असते. त्यामुळे आपली नेमणूक नेमकी कोणत्या प्रकारची आहे, याची खात्री सुरुवातीलाच करून घ्या.

सुरुवातीपासून जवळ ठेवायची कागदपत्रे

- सही केलेले नियुक्तिपत्र आणि त्याआधी मिळालेले ऑफर लेटर, दोन्हींच्या प्रती
- कर्मचारी नियमावली, विशेषतः रजा, शिस्त आणि मूल्यमापन यांवरची प्रकरणे
- तुमच्या कामाचे लेखी वर्णन; ते दिलेले नसेल तर नोकरीच्या मूळ जाहिरातीची प्रत
- रुजू झाल्याची नोंद किंवा त्या दिवशीचा ईमेल
- दर महिन्याची पगारपत्रके
- आढावा बैठकांची टिपणे आणि त्यानंतर झालेला पत्रव्यवहार

१. सही करण्याआधी प्रोबेशनचे कलम शब्दशः वाचा

सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्या, कारण सही झाल्यावर कलम बदलून घेणे फार अवघड जाते.

पहिला प्रश्न मुदतीचा. ‘तीन महिने’, ‘नव्वद दिवस’ आणि ‘कामाचे नव्वद दिवस’ हे तीन वेगळे हिशोब आहेत. १ जुलैला रुजू झालेल्या माणसाचे तीन महिने ३० सप्टेंबरला संपतात आणि नव्वद दिवस २८ सप्टेंबरला. कामाचे नव्वद दिवस मोजले, तर पाच दिवसांच्या आठवड्यात अठरा आठवडे जातात, म्हणजे चार महिन्यांहून थोडे अधिक. त्यात सुट्ट्या आल्या तर मुदत आणखी लांबते. शेवटची तारीख स्वतः मोजा आणि ती एचआरकडून ईमेलवर पक्की करून घ्या.

दुसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की मुदत संपल्यावर आपोआप काय होते. काही पत्रांत ‘मुदत पूर्ण झाल्यावर आपण कायम झाल्याचे समजले जाईल’ असे लिहिलेले असते. काहींत ‘लेखी पत्राने कायम केले जाईपर्यंत प्रोबेशन चालू राहील’ असे असते. वाचताना दोन्ही वाक्ये सारखीच वाटतात, पण पहिल्यात कंपनी गप्प राहिली तर फायदा तुमचा होतो आणि दुसऱ्यात कंपनीचा. दुसऱ्या प्रकारचे वाक्य असलेल्या नोकरीत माणसे एकदीड वर्ष काम करूनही कागदोपत्री प्रोबेशनवरच राहतात आणि पगारवाढीच्या वेळी त्यांना ते पहिल्यांदा कळते. तिसऱ्या प्रकारच्या पत्रात याबद्दल काहीच लिहिलेले नसते. तसे असेल तर तो प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

मुदतवाढीचे कलमही याच नजरेने वाचा. ती किती वेळा देता येते, एकूण कमाल मर्यादा कोणती, आणि वाढ लेखी कारणासह मिळणार की नुसती कळवली जाणार, हे पाहा. ‘व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार’ असे शब्द असतील तर निदान कमाल मर्यादा लिहून मागा. अशी मागणी करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण ती वाजवी आहे आणि नीट चालणाऱ्या ठिकाणी तिचे उत्तर तयार असते.

यानंतर नोटिशीची मुदत. प्रोबेशनमध्ये ती बहुधा कमी असते आणि कायम झाल्यावर वाढते. ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का, तिच्याऐवजी पगार देऊन किंवा भरून सुटका होते का, आणि तो पगार मूळ वेतनावर मोजणार की एकूण वेतनावर, हे तपासा. प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याचा बॉण्ड किंवा नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याची अट असेल, तर ती प्रोबेशनमध्ये नोकरी संपल्यासही लागू होते का, हे स्पष्ट विचारा. कंपनीनेच काढले तरी बॉण्डची रक्कम मागणारे कलम तुमच्या पत्रात असेल, तर ते वगळून घेण्यासाठी आग्रह धरा.

प्रश्न विचारण्यासाठी एवढा मजकूर पुरतो: ‘नियुक्तिपत्राबद्दल आभार. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. प्रोबेशनची शेवटची तारीख कोणती, मुदत संपल्यावर कायम होण्याची प्रक्रिया काय, आणि मुदतवाढ दिल्यास ती जास्तीत जास्त किती असते? कृपया ईमेलवर कळवावे.’ फोनवर उत्तर मिळाले, तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यानुसार’ असे लिहून ते ईमेलने परत पाठवा.

२. आपण जिथे काम करणार तिथला कायदा काय सांगतो ते पाहा

कंपनीचे पत्र कायद्याच्या वर नसते. प्रोबेशनबद्दलचे कायदे देशागणिक इतके वेगळे आहेत की एका देशातला अनुभव दुसऱ्या देशात चालवू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारात प्रोबेशनवरील कर्मचाऱ्यांना नोकरीतून काढण्याविरुद्धच्या संरक्षणातून वगळण्याची मुभा राष्ट्रांना दिली आहे, पण तो काळ आधी ठरवलेला आणि वाजवी लांबीचा असला पाहिजे, अशी अट घातली आहे. ‘आधी ठरवलेला’ आणि ‘वाजवी’ या दोन कसोट्या कुठलेही नियुक्तिपत्र वाचताना उपयोगी पडतात.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार प्रोबेशन सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त असू नये, आणि त्याच मालकाकडे त्याच कामासाठी करार पुन्हा झाला तर नवे प्रोबेशन लावता येत नाही. जर्मनीत ठरवलेल्या प्रोबेशनमध्ये, कमाल सहा महिन्यांपर्यंत, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर करार संपवता येतो. नेदरलँड्समध्ये सहा महिन्यांच्या किंवा त्याहून लहान करारात प्रोबेशन ठेवताच येत नाही आणि कायम करारातही ते दोन महिन्यांपुरतेच असते. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या कायद्याने कमाल मर्यादा सहा महिन्यांची आहे. तिथे मालकाला चौदा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, पण त्याच देशातल्या दुसऱ्या मालकाकडे जाण्यासाठी नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला एक महिना आधी कळवावे लागते. सिंगापूरमध्ये मात्र प्रोबेशनची लांबी कायद्याने ठरवलेली नाही, ती करारावर सोडलेली आहे.

भारतात सर्व नोकऱ्यांना लागू होईल अशी एकच मर्यादा नाही. नियुक्तिपत्र, सेवानियम, स्थायी आदेश (म्हणजे आस्थापनेचे कायद्यानुसार ठरलेले सेवाशर्तींचे नियम) आणि त्या त्या क्षेत्राचे कायदे मिळून चित्र ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या धरमसिंग प्रकरणात म्हटले की नियमांनी प्रोबेशनची कमाल मर्यादा घातलेली असेल आणि ती उलटूनही कर्मचाऱ्याला त्या पदावर ठेवले असेल, तर तो कायम झाल्याचे अनुमान निघते. तशी कमाल मर्यादाच नसेल, तर नुसते काम चालू राहिल्याने कोणी आपोआप कायम होत नाही. पहिल्या पायरीत कमाल मर्यादा लिहून मागण्याचा आग्रह मी यासाठीच धरला. १९७४ च्या समशेरसिंग प्रकरणात न्यायालयाने असेही सांगितले की प्रोबेशनवरील कर्मचाऱ्याला साध्या शब्दांच्या आदेशाने काढले, पण प्रत्यक्षात ती गैरवर्तनाची शिक्षा असेल, तर आदेशाच्या शब्दांमागचे खरे स्वरूप पाहिले जाईल. ही दोन्ही प्रकरणे शासकीय सेवेतली होती. खासगी नोकरीत ती जशीच्या तशी लावण्यापूर्वी कामगार कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्या.

‘प्रोबेशनमध्ये कसलेच हक्क नसतात’ हे नव्या माणसाच्या कानावर पडणारे सर्वांत घातक वाक्य आहे. केलेल्या कामाचा पगार, सुरक्षित जागा आणि छळापासून संरक्षण या गोष्टी कायम होण्याची वाट पाहत थांबत नाहीत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या भारतातील २०१३ च्या कायद्याने ‘कर्मचारी’ या व्याख्येत प्रोबेशनवरील व्यक्ती आणि प्रशिक्षणार्थी यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. कायम न होण्याची भीती दाखवून कोणी गप्प बसवत असेल, तर त्याला बळी पडू नका.

३. पहिल्या दोन आठवड्यांत अपेक्षा लेखी ठरवून घ्या

रुजू झाल्यावर ओळखी, संगणक, परवानग्या आणि नवी नावे यांतच दिवस जातात, आणि ‘मला नेमके कशावर जोखले जाणार आहे’ हा प्रश्न राहून जातो. तो तुमच्या थेट वरिष्ठांनाच विचारा, कारण आढाव्याच्या कागदावर अखेर त्यांचेच मत उतरते. ‘मी कसे काम करावे?’ असे मोघम विचारू नका. ‘तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस मी कोणती कामे स्वतंत्रपणे करत असलो पाहिजे?’ असे विचारले की उत्तरही तितकेच नेमके मिळते.

बैठकीनंतर त्यांना तीनचार ओळींचे टिपण पाठवा: ‘आज ठरल्याप्रमाणे पहिल्या महिन्यात मी अमुक प्रणाली शिकून घेईन, दुसऱ्या महिन्यापासून साप्ताहिक अहवाल तयार करीन आणि तिसऱ्या महिन्यात तमुक काम स्वतंत्रपणे हाताळीन. माझ्याकडून काही समजण्यात चूक झाली असल्यास सांगावे.’ त्यावर उत्तर आले नाही तरी टिपणाला किंमत आहे, कारण पुढे वरिष्ठ बदलले, आणि हे वाटते त्यापेक्षा बरेचदा घडते, तर नव्या वरिष्ठांसमोर ठेवायला तुमच्याकडे काहीतरी असते. वरिष्ठ बदलल्यास पहिल्याच आठवड्यात हे टिपण त्यांना पुन्हा पाठवा आणि अपेक्षा त्याच आहेत का, हे विचारून घ्या.

४. आपल्या कामाची नोंद ठेवा

दर आठवड्याच्या शेवटी दहा मिनिटे पुरतात. कोणते काम पूर्ण केले, कोणते कोणामुळे अडले, कोणी काय दाद दिली, कोणती चूक झाली आणि ती कशी सुधारली, एवढे तारखेसह लिहा. ही नोंद तुमच्या स्वतःच्या शब्दांत असावी. ग्राहकांची माहिती, अंतर्गत अहवाल किंवा कंपनीच्या फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. पुरावा जमवण्याच्या नादात गोपनीयतेचा भंग झाला, तर काम कितीही चांगले असले तरी नोकरी जाण्यास तेवढे एक कारण पुरते.

५. मधला आढावा मागून घ्या

अनेक ठिकाणी आढावा फक्त शेवटी होतो, आणि तेव्हा सुधारायला वेळ उरलेला नसतो. म्हणून निम्मी मुदत संपली की स्वतःहून अर्ध्या तासाची वेळ मागा. त्या बैठकीत तीन प्रश्न पुरेसे आहेत: काय ठीक चालले आहे, काय सुधारायला हवे, आणि आजच निर्णय घ्यायचा असता तर तुम्ही मला कायम केले असते का? तिसरा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे, तरी तो विचाराच. त्याचे उत्तर देताना वरिष्ठांना आपले मत स्वतःशीही स्पष्ट करावे लागते आणि मनात शंका असेल तर ती याच वेळी बाहेर येते.

मोघम अभिप्रायापासून सावध राहा. ‘ठीक आहे, चालू द्या’ याचा अर्थ सर्व उत्तम आहे असा होईलच असे नाही. कटू बोलणे टाळण्यासाठीही असे म्हटले जाते. ‘पुढाकार कमी पडतो’ किंवा ‘संवाद सुधारा’ असे ऐकू आले, तर अलीकडचे एक उदाहरण मागा आणि त्या प्रसंगी काय केले असते तर त्यांना योग्य वाटले असते, हे विचारा. उदाहरण मिळाले की सुधारणा शक्य होते. ते मिळालेच नाही, तर तीही नोंद टिपणात येऊ द्या. बैठक संपल्यावर मुद्दे ईमेलने पाठवण्याची शिस्त इथेही पाळा आणि त्यात पुढील आढाव्याची तारीख घाला.

६. रजा आणि आजारपण यांचा हिशोब

प्रोबेशनमध्ये कोणती रजा साठते, कोणती वापरता येते आणि बिनपगारी रजेमुळे मुदत तेवढ्याच दिवसांनी पुढे सरकते का, हे नियमावलीत शोधा. दीर्घ गैरहजेरीइतकी मुदतवाढ अनेक ठिकाणी दिली जाते आणि युरोपीय संघाचा निर्देशही सदस्य राष्ट्रांना तशी तरतूद करण्याची मुभा देतो. आधीच ठरलेले लग्न, परीक्षा किंवा शस्त्रक्रिया असेल, तर ती रुजू होण्यापूर्वी सांगून लेखी मान्यता घ्या. तोंडी दिलेला होकार माणसे बदलली की कोणाच्याच लक्षात राहत नाही.

७. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी विचारणा करा

प्रोबेशनमधला सर्वांत मोठा सापळा शेवटच्या दिवसाच्या शांततेत असतो. मुदत संपते, कोणी काही बोलत नाही, काम चालू राहते, आणि कर्मचारी समजतो की आपण कायम झालो. पहिल्या पायरीत दाखवलेल्या दुसऱ्या प्रकारचे कलम तुमच्या पत्रात असेल, तर तो समज चुकीचा ठरतो. त्यामुळे एक महिना आधी वरिष्ठ आणि एचआर या दोघांना मिळून एकच ईमेल लिहा: ‘माझ्या प्रोबेशनची मुदत अमुक तारखेला पूर्ण होत आहे. अंतिम आढाव्याची वेळ आणि पुढील प्रक्रिया कळवावी, ही विनंती.’ सोबत चौथ्या पायरीतील नोंदींवरून केलेला एका पानाचा गोषवारा जोडा. आढावा लिहिणाऱ्याला तुमचे पहिल्या महिन्यातले काम आठवत नसते, आणि हा गोषवारा त्याच्या हाती आयता पडतो.

उत्तर आले नाही तर आठवड्याने स्मरणपत्र पाठवा आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पाठवा. भाषा सौम्य असू द्या, पण प्रत्येक पत्रात तारीख लिहा. हे उद्धटपणाचे दिसेल, अशी भीती अनेकांना वाटते. आढावा घेणाऱ्यांच्या बाजूला बसून मी सांगतो की बहुतेक वेळा विलंबामागे आकस नसतो, कुणाच्या तरी टेबलावर राहिलेला अर्ज असतो, आणि वेळेवर आलेल्या स्मरणपत्राने तो हलतो.

८. मुदतवाढ मिळाल्यास

मुदतवाढ म्हणजे नोकरी जाणारच, असे नाही. कधी वरिष्ठ नवे असतात, कधी प्रकल्प उशिरा सुरू झालेला असतो, कधी खरोखरच काही सुधारणा हव्या असतात. कारण कोणतेही असो, ते लेखी मागा. वाढ किती दिवसांची, शेवटची नवी तारीख कोणती, कोणत्या गोष्टी सुधारल्यास कायम केले जाईल, त्या कोण तपासणार आणि मधला आढावा केव्हा होणार, या पाचही गोष्टी पत्रात असाव्यात. मुदत संपून गेल्यावर मागच्या तारखेने दिलेले मुदतवाढीचे पत्र सही करून घेण्याचा प्रयत्न झाला, तर ‘मिळाले’ असे लिहून त्या दिवसाची खरी तारीख घाला. प्रत मागितलीच पाहिजे.

दुसऱ्यांदा मुदतवाढ मिळाली आणि कारणे पुन्हा मोघमच असली, तर मी नव्या नोकरीचा शोध सुरू करण्याचा सल्ला देईन. आशेवर बसून राहिल्याने पगारवाढ आणि ज्येष्ठता दोन्ही मागे पडू शकतात.

९. नोकरी संपणार असेल तर

कंपनीने नोकरी संपवण्याचे सांगितले, तर त्याच बैठकीत कुठल्याही कागदावर सही करण्याची घाई करू नका. वाचायला एक दिवस मागा. ‘राजीनामा द्या, म्हणजे तुमच्या नावाला बट्टा लागणार नाही’ असे सुचवले जाण्याची शक्यता धरून चाला. राजीनामा कधी खरोखर सोयीचा असतो, पण त्याने नोटिशीचा पगार मिळण्याचा हक्क, काही देशांतला बेरोजगारी भत्ता आणि पुढे दाद मागण्याची वाट यांवर परिणाम होऊ शकतो. त्या बदल्यात काय मिळणार, हे लेखी आल्यावरच निर्णय घ्या. काढण्याचे कारण गर्भारपण, आजारपण, छळाची तक्रार किंवा तुमची ओळख यांच्याशी जोडलेले वाटत असेल, तर नुसते प्रोबेशनचे निमित्त पुरेसे नसते. ताबडतोब कायदेशीर सल्ला घ्या, कारण तक्रारीच्या मुदती अनेकदा छोट्या असतात.

स्वतः सोडायची असेल, तर राजीनामा ईमेलने द्या, त्यात शेवटचा कामाचा दिवस लिहा आणि पोच मागा. नोटीस देण्यापूर्वी तारीख तपासा. कायम झाल्यावर नोटिशीची मुदत पंधरा दिवसांवरून साठ दिवसांवर जाणार असेल, तर प्रोबेशन संपण्याच्या आदल्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात दिलेल्या राजीनाम्यात दीड महिन्याचा फरक पडतो. जाताना कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवपत्र, अंतिम हिशोबाचा तपशील आणि परत केलेल्या वस्तूंची पोच एवढे घेतल्याशिवाय शेवटचा दिवस संपवू नका.

१०. कायम झाल्याचे पत्र हाती आल्यावर

पत्रावर कायम होण्याची तारीख कोणती आहे, हे आधी पाहा. पत्र उशिरा निघाले तरी तारीख मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची असावी. काही ठिकाणी ज्येष्ठता आणि काही सवलती याच तारखेपासून मोजल्या जातात. नंतर बदललेल्या अटी वाचा: नोटिशीची नवी मुदत, लागू झालेल्या रजा, विमा आणि पगारातला ठरलेला बदल. नियुक्तिपत्रात कायम झाल्यावर पगारवाढ देण्याचे वचन असेल आणि या पत्रात ते नसेल, तर त्याच आठवड्यात विचारणा करा. पुढच्या पगारपत्रकात हे बदल उतरले आहेत का, ते ताडून पाहा, आणि उतरले नसतील तर कायम झाल्याच्या पत्राची प्रत जोडून वेतन विभागाला कळवा.